खपली तितका तोटा

दुकानदार गिऱ्हाइकाला कधी कंटाळतो? प्रत्येक विक्रीत त्याचे पदरचे पैसे जात असतील तेव्हा. माल दहाला घ्यायचा, सातला विकायचा आणि त्या सातातलेही दोन उधारीत अडकायचे, असं असेल तर दुकान बंद ठेवायला निमित्त लागत नाही. बंद दुकानाचा तोटा उघड्या दुकानापेक्षा कमी असतो. विकसनशील देशांतल्या कितीतरी वीज वितरण कंपन्या वर्षानुवर्षं नेमक्या याच अवस्थेत आहेत. त्यांना शटर पूर्ण ओढता येत नाही, म्हणून त्या ते अर्धं ओढतात. दुपारी दोन तास, रात्री तीन तास, कुठे सांगून, कुठे न सांगता.

लाईट गेली की आपण कारण शोधतो ते आभाळात नाहीतर खांबावर. वारा सुटला असेल, फांदी पडली असेल, डीपी जळाली असेल. पुष्कळदा तसंच असतं. त्याच्या पलीकडे 'टंचाई' नावाचं एक कारण आपण गृहीतच धरतो: वीज कमी आहे, म्हणून वाटून घ्यायची. मला निरनिराळ्या देशांचे वीजदरांचे आदेश आणि वीज कंपन्यांचे ताळेबंद वाचायची खोड आहे. (निरुपद्रवी खोड. घरच्यांची एवढीच विनंती असते की जेवताना त्यातलं काही सांगू नये.) ती लागल्यापासून टंचाईच्या कारणावरचा माझा विश्वास ओसरत गेला. अनेक ठिकाणी वीज केंद्र उभं असतं, यंत्रं चालू स्थितीत असतात, इंधन बाजारात मिळत असतं. ते घ्यायला कंपनीकडे पैसे नसतात, किंवा पैसे असले तरी वीज आणून वाटण्यात तिला काही मिळणार नसतं.

हिशेब अवघड नाही. समजा, कंपनीने १०० युनिट विकत घेतले. तारांमधून येताना काही उष्णता होऊन उडाले, काही आकडे टाकून नेले गेले, काही बंद पडलेल्या मीटरमागे हरवले. बिल निघालं ८० युनिटांचं. त्यातलं वसूल झालं ६५ युनिटांचं. आणि ज्या ६५ चे पैसे आले त्यांचा दरही निवडणुकीवर डोळा ठेवून खर्चापेक्षा खाली बांधलेला. आता उन्हाळ्याच्या संध्याकाळी मागणी वाढली आणि बाजारात वीज नेहमीच्या दुप्पट भावाने मिळतेय. ती घ्यायची की तीन फीडर (उपकेंद्रातून एकेका भागाला वीज नेणाऱ्या मुख्य तारा) बंद करायचे? नियंत्रण कक्षातल्या माणसाला हे कुणी लेखी सांगत नाही, पण कोणते तीन फीडर हे त्याला पाठ असतं. जिथे गळती जास्त आणि वसुली कमी, तिथला स्विच आधी खाली येतो.

या चक्राचं मला पटलेलं वर्णन रॉबिन बर्जेस, मायकेल ग्रीनस्टोन, निकोलस रायन आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२० मध्ये केलं. वीज हा हक्क आहे असं समाजाने मानलं की बिल न भरणं, आकडे टाकणं, दर कमी ठेवणं हे सगळं खपवून घेतलं जातं. त्यातून कंपनीला प्रत्येक युनिटमागे तोटा होतो. तोटा आवरायला ती पुरवठा तोडते. आणि एकदा बिल भरणाऱ्याच्या आणि न भरणाऱ्याच्या घरची लाईट एकाच वेळी जायला लागली की भरणाऱ्यालाही वाटतं, आपण कशासाठी भरतोय? मग चक्राचा पुढचा फेरा सुरू.

या मांडणीतली साखळी मला मान्य आहे, पण 'हक्क' या शब्दावर ठपका ठेवताना थोडं थांबावंसं वाटतं. थकबाकीच्या याद्या पाहिल्या की त्यात झोपडीतल्या दोन दिव्यांच्या बरोबरीने सरकारी खाती, पालिका, पाणीपुरवठा योजना आणि चांगले ऐपतदार उद्योग दिसतात. गरिबाचा आकडा तारेवर लोंबताना सगळ्यांना दिसतो. मीटरमध्ये केलेली करामत दिसत नाही आणि खात्याची थकबाकी तर फायलीतच राहते. शिवाय वाईट व्यवस्थेत काहींची सोयही लागलेली असते. स्टीवन मॅकरे यांनी कोलंबियातल्या अनौपचारिक वस्त्यांचा २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास केला, तो या बाबतीत फार बोलका आहे. तिथे वस्तीला पुरवठा वाईट, मीटर नाहीत, पण बिलही नाममात्र. कंपनीला सरकारकडून त्या वस्तीपोटी अनुदान मिळतं. मीटर बसवून चांगला पुरवठा द्यायचा तर कंपनीला खर्च, रहिवाशाला मोठं बिल. दोघांनाही आहे ते बदलण्याची घाई नाही. अनुदान गरिबीवर उपाय म्हणून सुरू झालं आणि वाईट तारांची राखण करू लागलं.

दर गोठवला की काय होतं याचं टोकाचं उदाहरण लेबनॉन. तिथल्या सरकारी वीज कंपनीचे दर १९९४ मध्ये होते तेच नोव्हेंबर २०२२ पर्यंत राहिले. दर ठरले तेव्हा खनिज तेल पिंपाला २० डॉलरच्या खालीवर होतं. पुढे ते शंभरीच्या पार गेलं, आणि देशातली जवळजवळ सगळी वीज तेल जाळूनच होत होती. मधली तफावत सरकार कर्ज काढून भरत राहिलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये देर अम्मार आणि झहरानी या दोन मोठ्या केंद्रांतलं इंधन संपलं आणि सरकारी वीज देशभर बंद पडली. त्याच्या कितीतरी आधीपासून लोकांनी आपली सोय केलेली होती. गल्लोगल्ली जनरेटरवाले होते. पाच अँपिअरची जोडणी, दहा अँपिअरची जोडणी, महिन्याला वेगळं बिल. कायद्याच्या चौकटीत हा धंदा बसत नाही, आणि तरी त्याचे दर ऊर्जा मंत्रालयच जाहीर करतं! म्हणजे दरवाढ होऊ न देणारा नागरिक अखेर दोन बिलं भरत होता, आणि दुसरं पहिल्यापेक्षा फार मोठं होतं.

दुसरं बिल सगळीकडेच असतं, फक्त त्यावर कंपनीचं नाव नसतं. छोट्या जनरेटरमधून एक लिटर डिझेलला साधारण तीन युनिट वीज मिळते. कुठल्याही देशातला डिझेलचा भाव घेऊन भागाकार करून पाहा, ग्रिडच्या दराच्या कितीतरी पट उत्तर येईल. चीन वगळता विकसनशील देशांतल्या अशा जनरेटरांची एकत्रित क्षमता कोळशाच्या ७०० ते १,००० वीज केंद्रांएवढी भरते, असा अंदाज जागतिक बँक समूहातल्या आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाने २०१९ मध्ये मांडला होता. इतकं भांडवल ज्या देशांत घरांच्या मागच्या बाजूला आणि कारखान्यांच्या कोपऱ्यात धूर काढत उभं आहे, त्या देशांकडे विजेसाठी पैसा नाही हे म्हणणं मला जरा धारिष्ट्याचं वाटतं. पैसा आहे. तो एका तारेवर एकत्र येत नाही, इतकंच.

कारखान्यांचं काय होतं हा प्रश्न मात्र वाटतो तितका सरळ नाही. हंट ऑलकॉट, ॲलन कोलार्ड-वेक्सलर आणि स्टीफन ओकॉनेल यांनी भारतातल्या कारखान्यांच्या नोंदींवरून २०१६ मध्ये दाखवलं की विजेच्या तुटवड्याने सरासरी कारखान्याचं उत्पन्न ५ ते १० टक्क्यांनी घटतं. त्या मानाने उत्पादकतेचं नुकसान कमी, कारण लाईट गेली तरी कच्चा माल नासत नाही, तो उद्या वापरता येतो. पण सरासरीच्या पोटात मोठी दरी आहे. मोठा जनरेटर युनिटमागे स्वस्त पडतो, छोटा महाग. त्यामुळे मोठा कारखाना जनरेटर लावून तरतो आणि दहा माणसांचं वर्कशॉप हात बांधून बसतं. चीनमध्ये या शतकाच्या सुरुवातीला तुटवडा होता तेव्हा कारखान्यांनी आणखी एक वाट काढली: जे सुटे भाग बनवायला वीज जास्त लागते ते स्वतः बनवायचं सोडून बाहेरून विकत घ्यायला लागले. म्हणजे अंधाराने कारखाने बंद पाडले नाहीत, त्यांचा आकार आणि धंद्याची जात बदलली. आणि जे उद्योग विजेच्या भरवशाअभावी सुरूच झाले नाहीत ते कुठल्याही पाहणीत सापडत नाहीत. शीतगृह उभं राहिलं नाही, म्हणून त्याचं नुकसानही नोंदलं गेलं नाही.

घरातल्या इन्व्हर्टरबद्दल मला बरेच दिवस लिहायचं होतं. तो आला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. पंखा फिरतो, दिवा जळतो, काम अडत नाही. काही काळाने लक्षात आलं की आता लाईट कधी गेली आणि कधी आली हेच मला कळत नाही, आणि त्याबरोबर तक्रारीचा फोन करणंही आपोआप थांबलंय. पूर्वी दहा मिनिटांत फोन फिरवायचा माझा रिवाज होता. कनिष्ठ अभियंत्याचं नाव तोंडपाठ होतं. ॲल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने नायजेरियाच्या रेल्वेबद्दल हेच टिपलं होतं. ट्रकची स्पर्धा आली म्हणून रेल्वे सुधारायला हवी होती. ती आणखी बिघडली. का? तर सेवा वाईट झाल्यावर जे आरडाओरड करतील, वर दाद मागतील, असे ग्राहकच आधी ट्रककडे निघून गेले. मागे उरले ते गप्प बसणारे. रेल्वेचा तोटा सरकार भरत होतं, त्यामुळे गिऱ्हाईक गेल्याचं तिला दुःखही नव्हतं. १९७० साली हे लिहिलं गेलं. आज प्रत्येक इन्व्हर्टर, प्रत्येक जनरेटर, छतावरचं प्रत्येक पॅनेल त्याच वाटेने जातंय.

छतावरच्या पॅनेलने ही वाट एकदम रुंद केली. दक्षिण आफ्रिकेची गोष्ट सगळ्यांत आधी आठवते, कारण तिथे इशारा वेळेवर मिळाला होता. १९९८ च्या सरकारी धोरणपत्रात स्पष्ट लिहिलं होतं की नवी केंद्रं बांधली नाहीत तर २००७ च्या सुमारास क्षमता संपेल. सरकारने एस्कॉम या सरकारी कंपनीला बांधकाम करू दिलं नाही, खासगी कंपन्या येतील म्हणून वाट पाहिली, त्या आल्या नाहीत. २००७ च्या डिसेंबरात अध्यक्ष थाबो एम्बेकी यांनी जाहीरपणे कबूल केलं की एस्कॉमचं बरोबर होतं आणि सरकारचं चुकलं. मेडुपीचं प्रचंड औष्णिक केंद्र त्याच वर्षी बांधायला घेतलं होतं, ते पूर्ण झालं २०२१ मध्ये. पूर्ण झाल्याच्या घोषणेला आठवडाभर होतो न होतो तोच त्यातल्या एका संचात स्फोट झाला. २०२३ हे तिथलं भारनियमनाचं सगळ्यांत वाईट वर्ष. या काळात लोकांनी काय केलं? मार्च २०२२ मध्ये छतांवरची सौरक्षमता सुमारे १,००० मेगावॅट होती, जून २०२३ पर्यंत ती ४,४०० मेगावॅटच्या आसपास गेली. जगात कुठल्याही सरकारी योजनेने इतक्या झपाट्याने छतं भरल्याचं मला आठवत नाही. अंधाराने ते करून दाखवलं.

मार्च २०२४ च्या शेवटी तिथलं भारनियमन थांबलं आणि दीर्घकाळ थांबलेलं राहिलं. छतांमुळे ग्रिडवरचा भार हलका झाला हेही त्यात आलं. पण जे ग्राहक गेले ते मोठी बिलं भरणारे होते. पाकिस्तानात हीच गोष्ट अधिक कर्कश आहे. तिथे एकट्या २०२४ मध्ये सुमारे १७ गिगावॅट क्षमतेची सौर पॅनेलं आयात झाली. त्याआधीच तिथे 'चक्राकार कर्ज' म्हणतात तो गुंता होता: ग्राहक वितरण कंपनीचे पैसे देत नाही, वितरण कंपनी वीज खरेदी करणाऱ्या संस्थेचे देत नाही, ती निर्मिती कंपनीचे देत नाही, निर्मिती कंपनी इंधनवाल्याचे देत नाही, आणि सरकारची अनुदानं या सगळ्यांना उशिरा मिळतात. ही रक्कम दोन लाख कोटी पाकिस्तानी रुपयांच्या वर गेली. तूट भरायला दर वाढवले, दर वाढले म्हणून लोकांनी पॅनेल बसवलं, पॅनेल बसल्याने युनिट कमी खपले, म्हणून उरलेल्यांवर तारांचा, रोहित्रांचा आणि केंद्रांच्या करारांचा बोजा वाढला, म्हणून पुन्हा दर. पॅनेल बसवणाऱ्याला मी दोष देणार नाही. त्याच्या जागी मीही तेच करेन. पण रात्री तोसुद्धा ग्रिडकडेच येतो. तार, रोहित्र, उपकेंद्र त्याच्यासाठी सज्ज ठेवायचं भाडं कुणी भरायचं, हे बिलातल्या स्थिर आकाराच्या चार ओळींत ठरतं आणि त्या ओळींवरून आता देशोदेशी भांडणं लागली आहेत.

मग जास्त केंद्रं बांधावीत का? घानाने बांधली. २०१२ ते २०१५ च्या दरम्यान तिथे लोक अंधाराने इतके वैतागले होते की सरकारने दिसेल त्याच्याशी वीज खरेदीचे करार केले, तेही 'घ्या किंवा न घ्या, पैसे द्या' या अटीवर. २०१९ मध्ये अर्थमंत्र्यांनी संसदेत सांगितलं ते असं: स्थापित क्षमता ५,०८३ मेगावॅट, कमाल मागणी सुमारे २,७००. न वापरलेल्या विजेपोटी वर्षाला ५० कोटी डॉलरहून जास्त जात होते. दाभोळ माहीत असलेल्यांना हे ऐकून नवल वाटणार नाही. घाईत आणि घाबरून केलेला वीज करार हा अंधाराचाच लांबणीवर टाकलेला हप्ता असतो, कारण त्याचे पैसे भरता भरता तारा आणि रोहित्रांसाठी काही उरत नाही.

आकडे बघताना मला एक गोष्ट सारखी खटकते. केंद्र मोजलं जातं, मेगावॅट मोजले जातात, 'विद्युतीकरण झालेली' गावं आणि घरं मोजली जातात. घरातल्या बटणापाशी वीज किती तास होती हे क्वचितच मोजलं जातं. जगात वीजजोडणीच नसलेले लोक सुमारे ७० कोटी. पण भरवशाची म्हणावी अशी वीज नसलेले लोक साडेतीनशे कोटींच्या घरात आहेत, असा अंदाज २०२० च्या एका अभ्यासात आला. केनियाच्या ग्रामीण भागात केनेथ ली, एडवर्ड मिगेल आणि कॅथरिन वोल्फ्रम यांनी प्रयोग केला, काही कुटुंबांना सवलतीत जोडणी देऊ केली. अर्ध्या किमतीतही घेणारे थोडेच निघाले. गरिबी हे कारण होतंच, पण जोडणी घेतल्यावर रोहित्र बिघडून महिनोन्महिने अंधार राहत असेल तर तिच्यासाठी कुणी गाठीचे पैसे का मोजावेत? मोजणीच्या कामात 'प्रयास' या संस्थेच्या ऊर्जा गटाने केलेलं मला फार मोलाचं वाटतं: भारतात ठिकठिकाणी साध्या भिंतीवरच्या प्लगला छोटं यंत्र जोडून मिनिटामिनिटाचा व्होल्टेज नोंदवायचा आणि तो लोकांसमोर ठेवायचा. घानाच्या अक्रा शहरातही असेच संवेदक बसवले गेले. वितरण कंपनीला आपल्याच तारांच्या शेवटच्या टोकाला काय चाललंय हे बहुतेक वेळा कुणीतरी फोन केल्यावरच कळतं.

व्होल्टेजचं मुद्दाम लिहितोय. आकडेवारीत वीज 'आहे' असते, आणि फीडरच्या शेपटाला पंप घुमत नाही, मोटार जळते, दिवा पिवळा पडतो.

आणि वेळ. कोणत्या वेळी जाणार हे माहीत असलेला अंधार आणि अचानकचा अंधार यांची किंमत सारखी नसते. गुजरातच्या ज्योतिग्राम योजनेत, २००३ पासून पुढच्या काही वर्षांत, शेतीचे आणि गावठाणाचे फीडर वेगळे केले गेले. घरांना चोवीस तास, शेताला आठ तास, पण पूर्ण दाबाने आणि ठरलेल्या वेळी. शेतकऱ्याला तास वाढवून मिळाले नाहीत. रात्र रात्र पंपापाशी वाट बघणं मात्र कमी झालं. कमी तास पण वक्तशीर, यालाही भरवसाच म्हणायला हवं, आणि तो नवीन केंद्र न बांधता, तारा वेगळ्या करून मिळाला.

नायजेरियाने हाच विचार दराला लावून पाहिला. २०२० पासून तिथे ग्राहकांचे गट आहेत: 'ए' गटाला दिवसाला किमान २० तास, मग १६, १२, ८, आणि शेवटच्या 'ई' गटाला चार. एप्रिल २०२४ मध्ये फक्त 'ए' गटाचा दर युनिटला ६८ वरून एकदम २२५ नायरा केला गेला. ठरलेले तास दिले नाहीत तर भरपाई द्यायची, असंही नियामकाने कंपन्यांना बजावलं. कल्पना रोखठोक आहे. वीज हवी तर खर्चाइतके पैसे द्या, आणि पैसे घेतले तर वीज द्या. ओरड झाली, ती न्याय्यही होती. पण वर्षानुवर्षांच्या जुन्या वचनांपेक्षा हे छापील चार तास, आठ तास मला प्रामाणिक वाटतात. निदान कुणाला किती अंधार आहे ते सरकारने आकड्यात कबूल केलं.

त्यात एक गोम आहे. गट ठरतो तो फीडरचा, माणसाचा नाही. तारेचा स्वभावच तसा. शेजारच्या दोन घरांना एकाच रोहित्रावरून २० तास आणि चार तास देता येत नाहीत. त्यामुळे 'ई' गटाच्या फीडरवर एखादी शिंपीण असेल, जिला २० तासांचे पूर्ण पैसे मोजूनही मशीन चालवणं परवडेल, तर तिला तसा अर्ज करायची सोय नाही. तिच्या फीडरवरची वसुली सुधारली पाहिजे, गळती कमी झाली पाहिजे, कंपनीला तिथे तारा आणि उपकेंद्र सुधारावंसं वाटलं पाहिजे. म्हणजे तिच्यासकट शेकडो घरांनी, त्यातल्या एकालाही अजून वीज धड मिळत नसताना, आधी बिलं भरायला सुरुवात केली पाहिजे. तोवर ती पेट्रोलवर चालणारा छोटा जनरेटर घेते, आणि ते पैसे त्या फीडरच्या हिशेबात कधीच येत नाहीत.